मोहर्लीत बिबट्या दिसला नाही

सिलिकॉनचं तेल संपलं म्हणून फळीवर ओतून चित्र करायच्या अ‍ॅक्रिलिक रंगात मी जवसाचं तेल घातलं. तेलानं रंग फाटतो आणि गोल ठिपके उमलतात, एवढंच मला ठाऊक. तेव्हा म्हटलं, तेल ते तेल. मोहर्लीच्या जंगलातल्या रिसॉर्टवाल्यानं सांगितलं होतं, बिबट्यासारखे ठिपके आले तर चित्र दर्शनी भिंतीवर लागेल.

दुपारच्या सफारीची वाट पाहत एक गाइडबाई पर्यटकांसोबत रिसॉर्टच्या व्हरांड्यात उभी होती. खाकी सदरा, गळ्यात दुर्बीण. मी फळी कलती केली, तसा तिनं तळहात उंचावून सगळ्या पर्यटकांना गप्प केलं.

"चूप! हलू नोका. बिबट्या बाहेर निघून राह्यला!"

सगळे श्वास रोखून उभे, मीसुद्धा. नुसती वाट पाहताना तिच्यासारखा खुललेला चेहरा मी दुसरा पाहिला नाही. एक ठिपका खरंच उघडला, बघता बघता बशीएवढा झाला आणि सगळा रंग घेऊन खाली ओघळला. व्हरांडाभर जवसाच्या चटणीचा वास सुटला.

रिसॉर्टवाला आत गेला. बाईनं सावकाश दुर्बीण पुसली.

"वाघ नाई दिसला तं पर्यटकांले आमी उद्या या म्हणतो. तुमी नोका येऊ, भाऊ."