चपला आतच राहिल्या

पहाटे पाचला फरशीवाल्याला जाग आली. तीस वर्षांची सवय, सुट्टी असली म्हणून काय झालं. पण उठून करायचं काय, हा प्रश्न नवा होता. तो, बायको आणि लेक दारापुढच्या ओट्यावर झोपले होते, आणि घरातल्या एकुलत्या एका खोलीत पाऊल टाकायला त्यानेच बंदी घातली होती. काल संध्याकाळी सहाला त्याने उंबऱ्यालगतची शेवटची फरशी बसवली होती. खालचा सिमेंटचा माल घट्ट व्हायला चोवीस तास लागतात. सहा म्हणजे सहा.

अंथरुणाची घडी घालून तो चपला शोधू लागला. मग आठवलं. काल अनवाणी काम करताना त्या दारासमोरच्या भिंतीतल्या खिडकीत ठेवल्या होत्या, आणि तिथून फरशी बसवत बसवत तो मागे मागे दारापर्यंत आला होता.

"अहो, तव्यासकट सगळं बाहेर काढलंत," बायको म्हणाली, "आणि स्वतःच्या चपला?" हसता हसता तिला ठसका लागला.

"खिडकीतून हात घालते ना," लेक म्हणाली.

"जाळी आहे. मीच बसवलीय."

कामावरचा चहा म्हणजे एका हातात थापी, दुसऱ्यात पेला आणि डोक्यावर मुकादम. आज त्याने तो बसून, फुंकर घालत घेतला. वर अर्धा कप मागून घेतला.

नऊला मुकादमाचा फोन आला. अर्जंट काम, सुट्टीची दुप्पट मजुरी, दहापर्यंत ये. बायकोचा झाडू थांबला. दुप्पट म्हणजे थोडी नव्हे. पण अकराला मेव्हणा कपाट घेऊन येणार होता, आणि तो कुणाचं ऐकणारा नव्हता. याच मुकादमाने पूर्वी एका दुकानात ओल्या फरशीवर त्याच रात्री काउंटर ढकलत नेलं होतं. तीन फरश्या खचल्या. त्या फरशीवाल्यानेच उखडून पुन्हा बसवल्या, फुकट.

"साहेब, चपला नाहीत."

"काय?"

"घरात अडकल्यात. संध्याकाळी सहाला निघतील."

"सकाळी सकाळी घेतलीस का रे?" म्हणत मुकादमाने फोन ठेवला.

मग त्याने थापीवरचा जुना सिमेंटचा थर विटेच्या तुकड्याने खरवडला. मापाची दोरी धुतली, वाळवली, एकही गाठ न पडता गुंडाळली. हातोड्याचा दांडा दोन महिने हलत होता, त्यात पाचर ठोकली. एक काम पुरतं झालं की मगच दुसरं. आळशी माणूस दांडा हलतोय तसा हलू देतो, आणि घाईतला माणूसही तेच करतो.

अकराला टेम्पो आला.

"दाजी, धरा, आत सरकवू," मेव्हणा म्हणाला.

"सहानंतर."

"आत्ता अकरा वाजलेत!"

"घड्याळ कळतं मला."

"म्हणजे दिवसभर नुसतं बसायचं?"

"राखणीला आहे मी. नुसता नाही."

"बरं, माझ्या चपला घाला, जरा चक्कर मारून या."

"तुझा नंबर आठ, माझा दहा. आणि मी चक्कर मारायला गेलो की तू काय करणार, तेही मला कळतं."

कपाट दारात उभं राहिलं. लेकीने त्याच्या आरशात तीनदा वेणी घातली. शेजारीण विचारून गेली, दुकान टाकलं का म्हणून. जेवणं कपाटाच्या सावलीत झाली, आणि ज्याला सगळ्यात घाई होती तो मेव्हणा कपाटाला टेकून घोरू लागला.

फरशीवाला बायकोबरोबर शेंगा सोलायला बसला. कुणी कुठे जाणार नव्हतं, त्यामुळे बोलणं लांबलं.

"जुनी जमीन इतकी टोचायची," ती म्हणाली, "की बसताना खाली पोतं घ्यायचे मी."

"लग्न झाल्यापासून, एकोणीस वर्षं? मला वाटायचं, तुला गार लागतं म्हणून घेतेस. बोलली का नाहीस?"

"कधी बोलणार? तुम्ही घरी यायचात ते दुसऱ्यांच्या फरश्या बसवून, गुडघे धरत."

तो टरफलं वेचू लागला.

सहाला तो आत गेला. थापीच्या मुठीने एकेक फरशी ठोकत, कान लावत. माल पोकळ राहिला की आवाज लगेच सांगतो. उंबऱ्यात तिघं वाकून बघत उभी. कोपऱ्यातल्या एका फरशीवर तो थांबला. पुन्हा ठोकलं. आणखी एकदा.

"काय हो?" बायकोने विचारलं.

"काही नाही. भरीव आहे. आवाज चांगला वाटला म्हणून परत ऐकला."

मेव्हणा कपाटाकडे वळला. "कपाट उद्या सकाळी," फरशीवाला म्हणाला. "आज फक्त माणसं. पहिली ही."

बायको अनवाणी आत गेली. खिडकीपर्यंत चालली, त्याच्या चपला उचलल्या आणि परत यायचं सोडून तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. पाय लांब करून. पोतं न घेता.

तीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या घरांत गुडघे झिजवून कमावलं, त्यातून शेवटी एवढं झालं: बारा बाय दहाची राखाडी फरशी, आणि तिच्यावर मांडीत त्याच्या चपला घेऊन ऐसपैस बसलेली बायको.