आक्काच्या आवाजात

ऐका हो ऐका! तमाम नाशिककरांना, आणि विशेषतः आमच्या भावकीतल्या नि सोयऱ्यांतल्या मंडळींना कळवण्यात येते की, लग्नात, बारशात, आणि एकदा तर आग्रहावरून दहाव्यालाही सादर झालेला माझा गाजलेला प्रयोग — ‘आक्का विमानतळावर’ — आजपासून कायमचा बंद. कारण तो खोटा आहे. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

तुम्ही तो पाहिला नसेल तर थोडक्यात सांगतो. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मखमलाबादकडे तिचा गुलाबाचा मळा आहे. जन्मात पहिल्यांदा विमानात बसायला ती ओझरला जाते — हैदराबादला, लेकीच्या बाळंतपणाला. सोबत मी. तपासणीचा जवान तिच्या लाडवांच्या पिशवीकडे बोट दाखवून विचारतो, यात काय? आणि आक्का पदर सावरत सांगते, "बॉम्ब हायेत सायेब! लय गरम हायेत, लेकीसाठी केलेत!" इथे मी डोक्यावर उपरणं घेतो, आवाज चिरका करतो, आणि माणसं लोळायला लागतात.

तुम्हीही हसलात ना? मला तुमचा राग येतो. एका बाईला पुढे पोलीस घेऊन जातात, आणि तुम्ही पोट धरून हसता? पण तुमच्यावर कसला चिडू — हसवत होतो मीच. वर टाळ्या घेत होतो.

तर आता खरं. पिशवीत डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा होता. तूप बाहेर येऊ नये म्हणून आक्कानं झाकणाच्या कडेला कणीक लावून तो बंद केला होता. वर फडकं, फडक्यावर सुतळी. आमच्याकडे बाळंतिणीचा डबा असाच जातो. एसटीतून जातो, टेम्पोतून जातो, कुणी उघडायला लावत नाही. यंत्राच्या पडद्यावर मात्र नुसते गोळे दिसले असणार. जवान म्हणाला, "माताजी, इसमें क्या है?" आक्का गोंधळली. वळून माझ्याकडे पाहायला लागली — तू सांग, म्हणून. मागे भलीमोठी रांग. आयते प्रेक्षक! मग मी काय केलं?

मी तिचा आवाज काढला.

लहानपणापासून काढत आलोय, हुबेहूब. तिच्या पाठीमागे उभं राहून, ओठ न हलवता, ते बॉम्बचं वाक्य — मी बोललो. तिनं नाही. रांगेतले दोघे-तिघे हसले. जवान हसला नाही. का हसावं त्यानं? दिवसभर तो ती एकच गोष्ट शोधत उभा असतो. प्रयोगात मी त्याला मठ्ठ करून टाकलाय. तोही खोटेपणा. त्याचं काहीएक चुकलं नव्हतं.

त्यानं हात वर केला. महिला जवान आल्या, मागोमाग त्यांचे साहेब आले. ते मराठीच होते. "कोण बोललं हे? सांगा, नाहीतर दोघांनाही थांबवावं लागेल." विमान सुटायला अजून अवकाश होता. ‘मी’ — एवढं एक अक्षर बोलायचं होतं. आक्का माझ्याकडे बघत होती. आपल्या पाठीमागून आपलाच आवाज कुणी काढला, हे तिला कळलं नसेल? आणि मी म्हणालो, "माफ करा साहेब, माझी बहीण आहे. अडाणी आहे, तिला कळत नाही."

आक्का गप्प राहिली. का? — हे मी तिला कधी विचारलेलं नाही.

तिला आत नेलं. डबा उघडला, एकेक लाडू मोडून पाहिला. मग पोलीस ठाणं, जबाब, जबाबाखाली सही. हो, सही! सातवी शिकली आहे ती. अडाणी तिला मी केलं. संध्याकाळी सोडलं. आणि मी? मी विमानात बसलो. पोरीजवळ कुणीतरी हवं ना, असं स्वतःला बजावत. थापा सगळ्या! थांबलो असतो तर पुन्हा चौकशी झाली असती, म्हणून पळालो. खिडकीजवळची जागा आक्काची होती. तिथेच बसलो, निर्लज्जासारखा.

भाची जयश्री तिकडे एकटी. नवरा मस्कतला. रक्तदाब वाढला म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच ऑपरेशन ठरलं. आत नेताना तिनं माझा हात धरला — "मामा, आई का नाही आली?" — आणि माझ्या प्रयोगाचा पहिला खेळ मी तिथे केला. स्ट्रेचरशेजारी उभं राहून, तिच्या आईच्या आवाजात. रडता रडता हसली पोरगी. मग म्हणाली, "अशा वेळी तरी आईनं नीट वागायचं होतं." आणि आत गेली.

आक्का खासगी बसनं आली, बाळ एक दिवसाचं झाल्यावर. जयश्री तिच्याशी धड बोलेना. मी दोघींच्या मध्ये खुर्ची टाकून बसलो होतो. ऐकत होतो. तेव्हा तरी बोलायला काय झालं होतं मला?

ते बाळ परवा सहा वर्षांचं झालं. वाढदिवस मळ्यात होता, सगळे नातेवाईक जमलेले. जेवणं चालू असताना फर्माईश झाली, आणि मी उभा राहिलो. पोरं लोळली. "काय गं आई तू पण!" म्हणून जयश्रीही हसली. आक्का पंगतीत भात वाढत होती. दरवेळी ती खाली मान घालून वाढत राहते. या वेळी मधेच थांबली, आणि कुणाकडेच न बघता, मोठ्यानं बोलून गेली —

"पोर एकटी होती रं माझी तिथं."