मोडलेल्या नांग्या

आमच्या वरळी कोळीवाड्यात जे विकलं जात नाही त्याला नाव नसतं. त्यामुळे एमएस्सीला मी ज्या कोळंबीवर प्रबंध घेतला, तिला घरात कुणी भाव देईना. बोटाच्या दोन पेरांएवढा जीव. जाळ्यात आलाच तर बायका कचऱ्याबरोबर बाजूला लोटतात. आई म्हणायची, "ती टिचकीवाली? तिच्यात खायला हाय काय?"

खायला काही नाही, पण आहे भलतीच. दोन नांग्यांपैकी एक अंगाच्या मानाने अवाढव्य. ती फटकन मिटली की पाण्याची चिळकांडी सुटते, तिच्यामागे बुडबुडा तयार होतो आणि तो फुटला की टक्‌ असा आवाज येतो. तेवढ्या दणक्याने समोरचं भक्ष्य गारद. दहा पायांच्या गणातलं हे कुळ. पाठीचं कवच डोळ्यांवर टोपीसारखं ओढलेलं असतं, त्यावरून अल्फियस ही प्रजाती चटकन कळते. पण तिच्यात जाती इतक्या, की नेमकी कुठली हे ठरवायला मोठ्या नांगीवरच्या खाचा भिंगाखाली बघाव्या लागतात. नांगी नसेल तर बसा डोकं खाजवत.

नमुने गोळा करायच्या ऐन दिवसांत मला टायफॉइड झाला. प्रबंध द्यायची तारीख डोक्यावर, मी अंथरुणात, आणि माझी चिडचिड अशी की घरातलं कुणी जवळ फिरकेना. आई दादरला मासळी विकून आली, टोपली ठेवली आणि मला न सांगता ओहोटीला खडकांवर गेली. दगड उलथून उलथून तिने टिचकीवाल्या शोधल्या. संध्याकाळी डबा माझ्यापुढे ठेवला. आठ-दहा होत्या, सगळ्या जिवंत, आणि एकूण एकीची मोठी नांगी बुंध्यापासून मोडलेली.

खेकडे विकताना आई हेच करायची. गिऱ्हाइकाला चावू नये म्हणून नांग्या मोडून वेगळ्या द्यायची. जन्मभराची सवय. "अंगात ताप तुझ्या. चावली असती ना गो, म्हणून मोडल्या," ती म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अक्कल आहे का तुला? जिच्यावरून ओळखायचं तीच मोडून आणलीस. कुणी सांगितलं होतं तुला मध्ये पडायला?" दारात शेजारच्या बाया उभ्या होत्या, त्यांच्यादेखत बोलले. खडकांना चिकटलेल्या कालवांच्या धारदार शिंपांनी आईच्या पायांना चिरा पडल्या होत्या. त्या मला दिसत होत्या आणि तरी मी बोलतच राहिले. माझं तोंड सुटलं की सुटलं.

आई डब्यात बघत राहिली. मग म्हणाली, "येल परत. खेकड्याला येते, ती हिला नाय येनार?"

बाकीच्या तिने समुद्रात सोडल्या. एका दगडाखाली सापडलेली जोडी तेवढी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवली. रोज भरतीचं पाणी आणून बदलायची, मासळीचा कण टाकायची. मी बरी झाले. मैत्रिणीने दुसरीकडून नमुने आणून दिले, प्रबंध वेळेत गेला. बरणी मोरीशेजारी होती, मी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हते.

महिना-दीड महिन्याने एका दुपारी आईने हाक मारली. "बाय, इकडं ये. आता वाजवते बघ ती."

मी बाहेर निघाले होते. "आता नको गं, झालं माझं ते काम," म्हटलं आणि गेले.

परत आले तर बरणी धुऊन पालथी घातलेली. आईने जोडी खडकांत सोडून दिली होती. त्यानंतर माझ्या अभ्यासाबद्दल तिने मला कधी काही विचारलं नाही. भांडली नाही, रुसली नाही, जेवायला वाढायची तशीच वाढत राहिली. पण "काय करतंस गो आज?" हे जे ती सहज विचारायची, ते बंद झालं. तेव्हा मला बरंच वाटलं होतं, कटकट गेली म्हणून. आता मी त्या एका प्रश्नासाठी तरसते.

हल्ली मी गिरगावात एका कॉलेजात शिकवते. दरवर्षी हा पाठ येतो. मोठी नांगी तुटली तर त्या जागी ती लगेच तशीच येत नाही. कात टाकता टाकता दुसऱ्या बाजूची छोटी नांगी मोठी होत जाते, आणि तुटलेल्या जागी नवी छोटी फुटते. म्हणजे उजवीचं काम डावी उचलते. मुली विचारतात, "मॅडम, तुम्ही प्रत्यक्ष बघितलंय?" मी नाही म्हणते आणि पुढचं चित्र लावते.

आई जाऊन तीन वर्षं झाली. माफी मागायची राहून गेली. रोज समोर असलेल्या माणसाची कोण माफी मागतं? कॉलेजात काचेची टाकी आहे, समुद्राचं पाणी आहे, मनात आणलं तर महिन्या-दोन महिन्यांत मला सगळं बघता येईल. मी ते करत नाही. मला ते आईच्या शेजारी बसून बघायचं होतं. पाच मिनिटांचं काम होतं.