वगळण्याची सोय

नव्वदच्या दशकात मी शालिमारजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात संगणकावर लग्नपत्रिका जुळवायचे. अक्षर म्हणजे डोळ्यांना दिसणारा आकार, एवढीच माझी समज. काना बसला, वेलांटी टेकली की झालं. पुढे दोन हजारच्या दशकात इंदिरानगरात बिऱ्हाड थाटल्यावर भाज्यांवर ब्लॉग सुरू केला, तोही पत्रिकांच्याच जुन्या फॉन्टात आणि त्याच थाटात. शीर्षकं मोठी, ठळक, लालभडक. नटलेली नवरीच जणू!

वाचक म्हणून मला खरे हवे होते ते माझे वडील. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि रक्तातल्या साखरेने त्यांची नजर नेली. कुणी पेपर वाचून दाखवला की ते मनातल्या मनात चडफडायचे. तो थांबेल तिथे थांबायचं, रेटेल ते सगळं ऐकायचं. लेकीचं लिखाण तरी त्यांना स्वतः वाचायचं होतं. म्हणून पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्राम घरी आणला. त्याचा आवाज होता हिंदी, मराठी तो कसंबसं बोलायचा, पण बाबांनी कीबोर्डच्या कळा हट्टाने पाठ केल्या.

माझा ब्लॉग उघडला आणि यंत्र सुरू झालं, "एम, डॉलर, एल, कंस पूर्ण..."

"ही कोणती भाषा म्हणायची?" बाबा म्हणाले. "तू तर म्हणलीस मराठी हाय."

मराठी फक्त दिसण्यापुरती होती! त्या जुन्या फॉन्टाच्या आत इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला, वर मराठीचा मुखवटा. शोधयंत्रालाही त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून वाचक फिरकत नव्हते. आणि मी आपली लोकांच्या नावाने बोटं मोडत बसलेले.

मग पदर खोचला. सगळे लेख युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्रालाही मराठी म्हणून कळतील अशा अक्षरांत, पुन्हा टाइप केले. नुसती ठळक केलेली शीर्षकं खरोखरीची शीर्षकं म्हणून नोंदवली. आता एक कळ दाबली की यंत्र थेट पुढच्या शीर्षकावर जायचं. फोटोंना वर्णनं जोडली, पडद्यावर न दिसणारी, यंत्राने वाचायची. एका फोटोला 'शेपू' एवढंच लिहिलं, तर बाबा म्हणाले, "कोवळा का जून, ते सांग की." भाजीवाल्या शेतकऱ्याचं पोर ते. मी मुकाट्याने लिहिलं: कोवळ्या शेपूची जुडी, मुळं मातीसकट. हळूहळू शेपूची भाजी शोधत अनोळखी माणसंही यायला लागली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

एका रविवारी बाबा पुन्हा खुर्चीत बसले. मी मागे उभी. लेखाची सुरुवात माझ्या फार आवडीची, चांगली ऐसपैस. यंत्राने दोन वाक्यं वाचली आणि बाबांनी कळ दाबली. एकदम 'कृती'.

"बाबा, वरचं राहिलं ना!"

"राहिलं नाय, सोडलं. लय पाल्हाळ हाय."

डोळे गेल्यापासून त्यांनी कुणाला 'हे सोड, पुढचं वाच' म्हटलं नव्हतं. वाचणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून सगळं ऐकून घेतलं. आता ते माझे परिच्छेद बिनदिक्कत टाकून पुढे चालले होते. माझे डोळे भरून आले. बाबा वाचत होते.