गॅरेजात न पडणारा काटा

आमच्या ट्रकच्या डॅशबोर्डवरचे काटे मध्येच पडायचे. डिझेलचा आणि टेंपरेचरचा, दोन्ही एकदम. मीटरमागचा दिवा मिणमिणायचा, काटे तळाला जाऊन पडून राहायचे आणि पुढच्या एखाद्या खड्ड्याला काहीच न झाल्यासारखे उठून उभे राहायचे. पण हे फक्त माझ्या वडिलांना दिसायचं आणि सगळी पंचाईत तिथेच होती.

हिंजवडीला तेव्हा सॉफ्टवेअर कंपन्यांच्या नव्या इमारती उठत होत्या. बाबा बिबवेवाडीच्या एका गोदामातून तिकडे टेबलखुर्च्या पोचवायचे. मीही अशाच एका कंपनीत टेस्टिंगला लागले होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, एवढंच काम. आई म्हणायची, "त्याचे पगार देतात होय? मी तर इतकी वर्षं फुकटच करतेय."

मग एक दिवस बाबा भर दुपारी कात्रज बायपासला डिझेल संपून उभे राहिले. काटा पडला तेव्हा त्यांना वाटलं, नेहमीसारखाच पडलाय, उठेल. तो खराच पडला होता. मागे वाहनांची रांग लागली, एका बसवाल्याने आईबहिणीचा उद्धार केला, आणि घरी आल्यावर आईने विषय काढला तो सोडलाच नाही.

"अहो, काटा पडला की तुम्हाला दिसलाच नाही, ते एकदा खरं सांगा."

भाऊ म्हणाला, "गोदामाच्या फाटकालाही घासलीत गाडी. आता बास करा, बाबा. दिवाळीनंतर ट्रक विकून टाकू."

बाबा ताटातली भाकरी तशीच ठेवून हात धुवायला उठले. ज्या माणसाने उभं आयुष्य स्टिअरिंगवर काढलं त्याला घरात बसवलं तर तो काय करणार? मी त्यांची बाजू घेऊन तावातावाने भांडले. पण खरं सांगायचं तर तो विश्वास नव्हता, धास्ती होती. काटे पडत नसतील, तर बाबांनाच काहीतरी होत होतं. त्यापेक्षा ट्रक बिघडलेला परवडला.

गाड्यांचं वायरिंग बघणारे वायरमन मार्केट यार्डाजवळच्या गॅरेजात बसायचे. त्यांनी टाकीतला डिझेल मोजणारा फ्लोट तपासला, बॅटरीची टोकं घासली, गाडी फिरवून आणली. काटे जागच्या जागी. बाबा पुन्हा गेले, पुन्हा तेच.

"काका," वायरमन म्हणाले, "तुमचा काटा आमच्यासमोरच का पडत नाही? लाजतो का?"

गॅरेजातले सगळे हसले. बाबाही हसले, आणि ते मला अजिबात बघवलं नाही.

रात्रभर गॅरेजात ठेवलेली गाडी आणायला शनिवारी सकाळी मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेले आणि क्लीनरच्या जागी बसले. डॅशबोर्डवर गणपतीची छोटी चौकट होती, तिच्याभोवती रंगीत बल्बांची माळ. गाडी गॅरेजला सोडताना बाबा माळ बंद करायचे आणि चौकटीवर धुतलेला नॅपकिन टाकायचे. ग्रीसचे हात देवाला लागू नयेत म्हणून. गॅरेजवालेही तिकडे बोट लावत नसत. त्या दिवशी ट्रकच्या मागच्या फळीची कडी ओढताना बाबांचे हात काळे झाले, म्हणून नॅपकिन तसाच राहिला. गोदामापर्यंत मी डोळे फाडून काट्यांकडे पाहत होते. काटे ढिम्म. मला रडू यायचं बाकी होतं.

गोदामात नळावर हात धुऊन बाबांनी नॅपकिन काढला, बटण दाबलं, हात जोडले. माळ झगमगली. माल भरून आम्ही निघालो, आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला दोन्ही काटे धाडकन खाली आले.

"पडले!" मी एवढ्या जोरात ओरडले की बाबांनी ब्रेकच मारला.

चूक नुसती दिसून भागत नाही, ती पुन्हा घडवून दाखवावी लागते, हे मी ऑफिसात रोज ऐकत होते. सकाळपासून बदललं काय होतं? मी म्हणाले, "बाबा, देवाची माळ बंद करा."

"रस्त्यात देव विझवायचा?"

मीच बटण दाबलं. काटे उठले. पुन्हा दाबलं, गाडी जरा हलली, काटे पडले.

आम्ही तसेच गॅरेजला परत गेलो. वायरमननी मीटरचं पॅनेल उघडलं. माळेची आणि मीटरची अर्थिंगची वायर एकाच स्क्रूखाली आवळलेली, आणि तो स्क्रू गंजून खिळखिळा झालेला. त्या दोघांचा भार त्याला झेपत नव्हता. त्यांनी माळेला वेगळी वायर दिली, जागा पॉलिश पेपरने घासली आणि सगळं चालू करून पॅनेलवर बुक्क्या मारल्या. काटे हलले नाहीत.

"काका, माफ करा," ते म्हणाले. "तुमचंच बरोबर होतं."

हिंजवडीला माल उतरवून आम्ही परत फिरलो. बाबा गुणगुणत होते. ते गुणगुणतात हेच मी विसरले होते. आईला आणि भावाला काय काय ऐकवायचं याची मी मनात उजळणी करत होते, आणि मला इतकं हलकं वाटत होतं की खिडकीतून येणारा धूरही गोड लागत होता.

वारज्याच्या पुढे गुणगुणणं थांबलं.

"बघ," बाबा म्हणाले. "परत पडला."

मी पाहिलं. टेंपरेचरचा काटा मधोमध होता. डिझेलचा अर्ध्यावर. मीटरमागचा दिवा लख्ख होता.

"कुठला, बाबा?"

"अगं, डिझेलचा. तुला दिसत नाही का?"

मी वाकून काचेवर बोटाने टकटक केलं, उगाचच. काटा तिथेच होता. बाबांनी मान जरा तिरकी करून पाहिलं, मग दुसरीकडे तिरकी करून, डोळे चोळून पाहिलं.

"गाडी कडेला घ्या," मी म्हणाले.

त्यांनी आरशात बघून, हात दाखवून, गाडी सावकाश कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते.

"कितीवर आहे," ते म्हणाले, "ते तूच सांग आता."

"अर्ध्यावर आहे, बाबा."