गव्हाळीचं पान

तलाठीकाका गावांची यादी ओठ हलवत, एकेका नावावर बोट टेकवत वाचायचे. मध्येच थांबून म्हणायचे, "हे बेचिराख हाय मॅडम. दिवा लावायला बी माणूस नाय तिथं. उडवा."

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात आम्ही वेबसाइटची पानं घाऊक बनवतो. फ्रिज दुरुस्तीच्या पानाचा साचा एकच, यादीतून गावाचं नाव तेवढं बदलत जातं आणि हजारो पानं तयार होतात. इंटरनेटवर कुणी शोधलं की आपलं पान वर दिसावं, एवढाच सगळा खटाटोप. पण सरकारी यादीत नुसती नावापुरती उरलेली गावंही असतात. ती वेचून काढायला निवृत्त साळवे तलाठी आमच्याकडे आले. जिल्ह्यातलं गावन् गाव त्यांना पाठ.

माणूस असा काटेकोर, की जीव नकोसा व्हायचा. आमची कितीही घाई असो, काका ढिम्म. "माणूसच नाय तिथं कुणाचा फ्रिज रिपेर करता? खोटं लिव्हायचं नाय, बस." आम्ही मागून हसायचो आणि ऐकायचो मात्र त्यांचंच.

एक दिवस दुरुस्तीवाल्या कंपनीच्या साहेबांचा फोन आला. गव्हाळी गावाचं पान कुणी बनवलं? ते तर कधीच जायकवाडीच्या पाण्याखाली गेलंय! मी तणतणत काकांच्या टेबलापाशी गेले. "काका, हे कसं सुटलं तुमच्याकडून?"

"सुटलं नाय. ठिवलं," ते मान खाली घालून म्हणाले. "माझं गाव हाय ते. अकरा वर्साचा व्हतो पाणी आलं तवा. एवढ्या यादीत तेवढंच एक खोटं केलं. ऱ्हाऊ द्या की मॅडम. कुणाला काय तरास हाय त्याचा?"

कसली मस्ती चढली होती मला, कोण जाणे! त्यांच्यादेखत ते पान उडवलं आणि वर म्हणाले, "नियम तुमचाच ना काका?"

"व्हय," काका म्हणाले. उरलेली यादी संध्याकाळपर्यंत तपासून दिली आणि दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. फोन करीन, करीन म्हणत राहिले मी. केला नाही.

गेल्या महिन्यात त्यांची मुलगी ऑफिसात आली. काका वारल्याला पंधरा दिवस झाले होते.

"ताई, बाबा रोज जेवण झाल्यावर आजीला गव्हाळीचं एक पान मोबाइलवर वाचून दाखवायचे. ते बंद पडलं, मग तोंडपाठ म्हणायचे. आजी लई थकलीय आता. मला म्हणती, गव्हाळीचं वाच. मला येत नाय ते. तुमच्याकडं असंल ना?"

साचा होताच. मी गावाचं नाव घातलं आणि पान छापून तिच्या हातात दिलं. तिनं उभ्या उभ्याच वाचलं. 'गव्हाळीतल्या प्रत्येक घरी आमची माणसं पोचतात. एक फोन करा, आम्ही दारात हजर.'

तिनं कागद उलटून मागची कोरी बाजू पाहिली. "एवढंच व्हतं?"

एवढंच होतं. तेवढंही मी काकांना ठेवू दिलं नाही.