आराखड्यातून गाळलेली दोनशे पावलं

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान गावात चावीवाले म्हणून ओळखले जायचे. छातीइतक्या उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून त्यांनी एकतीस वर्षं गल्लोगल्ली पाणी सोडलं. जमिनीखालचा पाइप कुठून कुठे जातो, हे फक्त त्यांच्या डोक्यात होतं. स्वभाव असा, की समोरच्यानं नुसती वेळ विचारली तरी आधी "का?" म्हणायचे.

एका वर्षी गावाच्या वाढीचा आराखडा करायला एक बाई आल्या. गाव शेतांत वाटेल तसं पसरू नये, आधी आतल्या मोकळ्या जागा भराव्यात, असं त्यांचं म्हणणं. भाऊजींना घेऊन त्या सगळ्या गल्ल्या पायी फिरल्या.

"काका, पाइप कुठपर्यंत गेलाय?"

भाऊजींनी शाळेच्या कुंपणाशी चावी टेकवली. "इथं संपला."

खरं तर तो पुढे दोनशे पावलं, शेतांच्या कडेला असलेल्या पिठाच्या गिरणीपर्यंत जात होता.

घरी आल्यावर मला म्हणाले, "एवढं गोड बोलतेय, म्हणजे कुणीतरी पाठवलंय. शेतं डोळ्यांत भरलीत कुणाच्या तरी. तिकडे पाणी आहे म्हटलं, की उठल्याच इमारती." मी मान डोलावली. मलाही तसंच वाटत होतं, आणि भाऊजींना उलट बोलायची माझी छाती नव्हती.

दोन महिन्यांनी कचेरीत नकाशा लागला. जिथवर पाणी, तिथवरच नवीन घरांना परवानगी. हिरवी रेघ शाळेशी थांबलेली. भाचीचा प्लॉट शाळेच्या पुढे, गिरणीच्या अलीकडे. तिचं जोतं घालायचं ठरलं होतं. हरकत घ्यायला आठ दिवस होते.

"बाबा, माझ्या प्लॉटसमोर रोज व्हॉल्व्ह फिरवता, आणि कागदावर पाणीच नाही?" भाचीनं विचारलं.

भाऊजींनी झाला प्रकार सांगितला. बहीण म्हणाली, "झालं! जगावर संशय घेता घेता लेकीच्याच मुळावर उठलात."

तिसऱ्या दिवशी ते मला सोबत घेऊन कचेरीत गेले. "बाई, मी खोटं सांगितलं होतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "प्लॉट तुमच्या मुलीचा आहे ना, काका? मग आता खरं बोलताय हे कशावरून?"

भाऊजींचा चेहरा उतरला. असं त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"खणून बघा," ते म्हणाले.

गिरणीशी खणलं, पाइप निघाला. बाई म्हणाल्या, मधे तुटला असेल तर? भाचीच्या प्लॉटसमोर खणलं. तिथंही निघाला. मग त्यांनी व्हॉल्व्ह उघडायला लावून पाणी स्वतः पाहिलं.

रेघ सरकली, भाचीला परवानगी मिळाली. पण त्यानंतर भाऊजींनी दाखवलेली प्रत्येक जागा बाई टेप लावून मोजायच्या, आणि भाऊजी चष्मा पुसून त्यांच्या खांद्यावरून टेपवरचा आकडा पाहायचे.